पिवळा नवरदेव

सत्तरच्या दशकात सांगलीत माझे मामा हळद दळून विकायचे. तिच्यात ते बेलाशक पिवळा रंग मिसळायचे. मामी चिडायची, "आवं, लोकं खात्यात ही!" मामा म्हणायचे, "गिऱ्हाईक रंगच बघतं गं."

मग त्यांच्या फौजी मुलाचं लग्न निघालं. मामा आमंत्रणं देत फिरत असताना पाहुण्या बायकांनी दुकानातलीच हळद कालवून नवरदेवाला फासली. पिवळेपणा काही केल्या उतरेना. रजा संपवून तो पलटणीत गेला, तर डॉक्टरांनी कावीळ समजून त्याला दवाखान्यात ठेवलं आणि नुसता उकडलेला दुधी खाऊ घातला.

हे कळताच मामीने रंगाचा डबा गटारात ओतला. पुढे कुणी हळद फिकी म्हटलं की मामाच सांगायचे, "फिकी हाय, पण धुतली की निघती!"