फौजदाराची प्रत

फौजदार चटईवर आडवा पडला होता आणि मी मशीनने त्याच्या पोटावरचे केस काढत होते. शेजारी थर्मोकोलची पेटी उघडी होती. आत बर्फाच्या पिशव्या आणि गुलाबी द्रव भरलेल्या छोट्या नळ्या. कातडीचे लहान तुकडे काढून त्या नळ्यांत टाकायचे, एवढंच माझं काम. पुढचं सगळं परदेशातली लॅब करणार होती.

मी मुलुंडला जनावरांची डॉक्टर आहे. कुत्र्याचं क्लोनिंग करायचंय म्हणून मला कोणी बोलावण्याची ती पहिलीच वेळ.

फौजदार हा कांबळ्यांचा कुत्रा. नाव मिलिंद कांबळेच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी ठेवलं होतं. ते पोलीस खात्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले. "आयुष्यभर फौजदारांच्या मागे फिरलो, आता एखादा फौजदार माझ्या मागे फिरू दे," असं म्हणायचे. ते गेले त्यालाही आता वर्ष होत आलं होतं. तरी संध्याकाळी लिफ्टचं दार वाजलं की फौजदार उठायचा, दाराच्या फटीशी नाक लावायचा आणि परत येऊन बसायचा. घरात आबांची वाट बघणारा तो एकटाच उरला होता.

आणि आता तोही चालला होता. दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये रक्त तपासलं होतं. किडनी निकामी, वय झालंय, एक-दोन दिवस, असं त्यांनी सांगितलं. मिलिंदने घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि क्लोनिंगची कंपनी शोधून काढली. त्यांचा एक एजंट अंधेरीला होता. पेटी त्याने पाठवली.

क्लोनिंग म्हणजे काय, ते मी मिलिंदला फोनवरच सांगितलं होतं. कुत्र्याच्या कातडीतली एक पेशी घेतात. एका कुत्रीचं बीजांड घेऊन त्याचा गाभा काढून टाकतात आणि त्या जागी या पेशीचा गाभा बसवतात. तो गर्भ आणखी तिसऱ्याच कुत्रीच्या पोटात वाढवतात. पिल्लू दिसायला बरंचसं सारखं निघतं. खूप उशिरा जन्मलेला जुळा भाऊ समजा.

"त्याला आबा आठवतील?" मिलिंदने विचारलं होतं.

"नाही."

"बरं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तरी या."

दुसऱ्या कोणी कदाचित त्याला समजावलं असतं. पण त्याच वर्षी माझा नवरा गेला होता. त्याने अर्धवट वाचलेलं पुस्तक मी खुणेच्या चिठ्ठीसकट उशाशी ठेवलं होतं. ते उघडत नव्हते आणि हलवतही नव्हते. कोणी काय जपावं यावर मी काय बोलणार? मी बॅग घेऊन गेले.

घरात मिलिंद, त्याची बायको वैशाली आणि सहावीतली मुलगी इरा. इरा अजून शाळेच्या युनिफॉर्ममध्येच होती, आबांच्या फोटोखाली पाय दुमडून बसलेली.

"डॉक्टर, तुम्ही तरी सांगा याला," वैशाली म्हणाली. "गाडी विकायला निघालाय."

"वैशू, नंतर बोलू ना."

"नंतर काय नंतर? उद्या ते पिल्लू आलं आणि आबांच्या फोटोकडे बघून भुंकलं तर?"

मी मशीन चालू ठेवलं.

केस काढून झाल्यावर तुकडा कुठून घ्यायचा ते ठरवायला मी पोट चाचपून बघितलं. बोटं कमरेच्या खाली गेली तसा फौजदार कण्हला. मी पुन्हा हळूच दाबलं. किडनी हाताला लागत होती आणि ती मोठी होती, सुजलेली.

इथे थोडं थांबून सांगते. म्हातारपणी किडनी जाते तेव्हा ती आक्रसते, लहान आणि टणक होते. कुत्रा महिनोन्‌महिने वाळत जातो, केस निस्तेज होतात, हिरड्या पांढऱ्या पडतात. फौजदाराचे केस चकचकीत होते. हिरड्या गुलाबी. वाळण्याचं म्हणाल तर तो सरळसरळ लठ्ठ होता.

मी मशीन बंद केलं.

"कधीपासून आजारी आहे?"

"परवा सकाळी उलट्या सुरू झाल्या," मिलिंद म्हणाला.

"त्याच्या आधी?"

"आधी काय, झकास होता," वैशाली म्हणाली. "सोमवारी माझी नवी चप्पल पळवली मेल्याने."

"म्हातारपण असं मंगळवारी सकाळी येत नाही," मी म्हटलं. "याने काहीतरी खाल्लंय. उंदराचं औषध? तुमची एखादी गोळी?"

दोघांनी आठवून आठवून सांगितलं. डाळभात, उकडलेलं चिकन, अर्धी चपाती. औषधं वरच्या कपाटात. उंदीर नाहीत.

"बाहेरचं काही?"

"बाहेरचं आमच्याकडे कोणी खातच नाही." मिलिंदच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"हा शाळेच्या पेरेंट्स कमिटीवर आहे ना," वैशालीने खुलासा केला. "तिथे ते व्हेंडिंग मशीन आहे, मुलांनी कार्ड लावलं की पाकीट खाली पडतं ते. त्यातले चिप्स यानेच काढायला लावले. आता सगळं हेल्दी."

"हेल्दी म्हणजे काय?"

"बदाम, भोपळ्याच्या बिया, मनुके," मिलिंद म्हणाला. "नो शुगर, नो मैदा."

मनुके म्हटल्यावर मी इराकडे बघितलं. ती आपल्या मोज्यांकडे बघत होती.

मी मिलिंदला गाडी खाली काढून ठेवायला सांगितलं. वैशालीला एक जुनी चादर शोधायला आत पाठवलं. मग इराच्या शेजारी जमिनीवर बसले.

"तुला मनुके आवडतात?"

"ई. नाही."

"मग पाकिटातल्या मनुक्यांचं काय करतेस?"

"पप्पाला सांगणार?"

"आधी मला तर सांग."

तिने फौजदाराच्या कानावर हात ठेवला. "याला देते. याला खूप आवडतात."

"सोमवारी किती दिले?"

"सोमवारी जास्त होते. माझ्या मैत्रिणींनापण नाही आवडत. सगळ्यांचे डब्यात जमवून आणले." मग ती एकदम घाईघाईने म्हणाली, "पण ते हेल्दी असतात ना?"

"आपल्याला असतात. कुत्र्याच्या किडनीला सोसत नाहीत. द्राक्षंही नाहीत. हे भल्याभल्यांना माहीत नसतं, तुला कुठून असणार? पण तू आत्ता सांगितलंस हे फार चांगलं केलंस."

मनुक्यांनी गेलेली किडनी वेळेवर पकडली तर परत येऊ शकते. आम्ही फौजदाराला चादरीत घालून क्लिनिकमध्ये आणलं. गडबडीत कोणीतरी पेटीही उचलून आणली. मी सलाईन लावलं आणि तिघांनाही एकत्रच सांगितलं. आता सगळं लघवीवर आहे. मंगळवारपासून त्याला नीट लघवी झालेली नाही. झाली, तर किडनी जागी आहे. नाही झाली, तर चढवलेलं पाणी अंगातच साठणार आणि मग माझ्या हातात काही नाही.

मनुक्यांची गोष्ट इराने स्वतः सांगितली.

"नाही आवडत तर सांगायचं ना गं," मिलिंद म्हणाला.

"तू माझा फोटो टाकला होतास शाळेच्या ग्रुपवर. पाकीट खाताना."

वैशालीने इराला जवळ ओढलं.

थोड्या वेळाने मिलिंदने मला बाजूला घेतलं. "डॉक्टर, सॅम्पल आत्ताच घेऊन ठेवू या का? समजा नाही जमलं..."

"नाही जमलं तर नंतरही काढता येतं, लगेच काढलं तर. जिवंत आहे तोवर मी त्याला आणखी टोचणार नाही."

पेटी त्याने टेबलाखाली सरकवून ठेवली.

शुक्रवार तसाच गेला. मिलिंद रजा टाकून प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होता. मी सलाईनचा वेग कमी केला, औषध बदललं, पुन्हा पुन्हा चादर चाचपून बघितली. कोरडी. दुपारी पेशंट नसले की मी वाचत बसते. त्या दिवशी एकच पान कितीदा वाचलं कोण जाणे.

शनिवारी मी सलाईनची बाटली बदलत होते. फौजदार पुढच्या पायांवर उठला. मग मागच्या. लटपटत, नळी पुरेल तेवढं चालत टेबलापर्यंत गेला. पेटी हुंगली. आणि पाय वर केला.

मी आणि मिलिंद जागचे हललो नाही. ते बराच वेळ चाललं.

मिलिंदने फोन लावला. "वैशू, मुतला."

पलीकडून ती काय म्हणाली ते मलाही ऐकू आलं. "कुठे?"

"पेटीवर."

फोनमध्ये आधी हसू आलं, मग रडू, मग मागून इराचा आवाज.

पुढच्या आठवड्यात रक्ताचे आकडे खाली आले. किडनीला थोडी इजा राहिली. त्यामुळे फौजदाराचं जेवण आता वेगळं शिजतं आणि त्यावर त्याची नाराजी असते. बिल द्यायला आला तेव्हा मिलिंद दारात थांबला.

"ते पिल्लू आलं असतं, तर लिफ्ट वाजल्यावर उठलं नसतं ना?"

"नसतं."

"मला तेवढंच हवं होतं," तो म्हणाला. मग फौजदाराचा पट्टा सोडवून त्याला घरी घेऊन गेला.

पेटी माझ्याकडेच राहिली. स्वच्छ धुतली. लशी ठेवायला उपयोगी पडते. त्याच आठवड्यात मी नवऱ्याचं पुस्तक खुणेच्या पुढे वाचायला घेतलं आणि संपवलं. शेवट काही खास नव्हता.

या केसमधून मी एक गोष्ट घेतली. पेशंटने काय खाल्लं ते घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला विचारते, आणि मोठ्यांना आधी काहीतरी काम देऊन बाहेर पाठवते.

शाळेच्या मशीनमध्ये आता मनुक्यांऐवजी भाजलेले चणे असतात. तेही मिलिंदनेच सुचवले. इराला चणेसुद्धा आवडत नाहीत. पण हे तिने पप्पाला सांगितलंय.