खालची गाठ

तळ्यावरचे सगळे त्याला तपासनीस म्हणत, तेही तोंडावर. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माणसानं पारखून घ्यावं हे निदान चारचौघांना कळलं, एवढंच त्याला वाटे. दुधात पाणी किती, बसवाल्यानं थांबा मुद्दाम चुकवला की खरंच विसरला, समोरचा हसला तो आपल्याकडे बघून की आपल्याला, याची शहानिशा झाल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तो बायकोकडे बघत नाही, फोटो काढणाऱ्याच्या हातांकडे बघतो आहे.

त्याचं काम शिडं बांधण्याचं. तळं समुद्राला अगदी खेटून होतं, मध्ये नुसता वाळूचा पट्टा. पाणी कमरेएवढं, लाटा नाहीत, वारा मात्र समुद्राचा. त्यामुळे विंडसर्फिंग शिकायला घरंच्या घरं यायची. आई फळीवर तोल सावरतेय, बाप पाण्यात आपटतोय आणि आजी काठावर सगळ्यांच्या चपला राखत बसलीय, असा रोजचा देखावा. लहान मुलांना रुंद फळ्या आणि इवली शिडं. मूल पडलं की शिकवणाऱ्यानं फक्त “उभं राहा” म्हणायचं. रडवेलं पोर उभं राहायचं, पाणी छातीपर्यंतच आहे हे त्याच्या लक्षात यायचं आणि ते पुन्हा फळीवर चढायचं.

एकच कोपरा वाईट होता. तिथून तळ्याचं पाणी समुद्राला मिळायचं, पाय टेकायचे नाहीत, आणि सकाळचा वारा नेमका तिकडेच न्यायचा. आता शिडाच्या तळाशी एक दोरी असते. ती ताणून खालची गाठ मारली की शीड आपल्या दांड्यावर घट्ट बसतं. ती गाठ सुटली तर शीड एकीकडे, फळी दुसरीकडे, आणि फळीवरचं मूल वारा नेईल तिकडे. म्हणून खालची गाठ तपासनीसाशिवाय कुणी मारायची नाही, हा तिथला कायदा होता. कायदा अर्थातच त्यानंच केलेला. रोज संध्याकाळी तो दुसऱ्या दिवसाची लहान शिडं बांधून शेडमध्ये एकावर एक रचून ठेवी आणि निघताना कुलूप दोनदा ओढून बघे.

शेड त्यानं उभी केली होती, पण आता शिकवणी लेक आणि जावई चालवत. जावई हसतमुख, सगळ्यांशी गोड बोलणारा. तपासनीसाच्या लेखी हाच त्याचा मोठा गुन्हा. “एवढं गोड माणूस उगाच बोलत नाही,” असं तो शेजारच्या चहावाल्याला सांगे. चहावाला स्वतःही गोडच बोलायचा, त्यामुळे तो गप्प राही.

त्या वर्षी सुट्ट्यांच्या आधी मात्र पाणी कुठेतरी मुरायला लागलं होतं. लेक आणि जावई काहीतरी बोलत असत आणि तो आत आला की दोघंही एकदम वाऱ्याबद्दल बोलायला लागत. मग एक दिवस सुतार आला. त्यानं शेडमधली खिडकीजवळची जागा मापली, जावयाच्या कानाशी लागला, आणि तपासनीस दिसताच टेप गुंडाळून खिशात घातली.

“काय मापताय?” तपासनीसानं विचारलं.

“काही नाही, मामा. असंच,” जावई म्हणाला.

असंच कुणी सुताराला बोलावत नाही. तपासनीसाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. आपल्याला इथून हलवायचा बेत शिजतोय, हे त्याला स्वच्छ दिसलं. शेड गेली की त्याच्याजवळ काय उरणार होतं? घरी एक खाट आणि एक रेडिओ, आणि रेडिओवरच्या बातम्यांवरही त्याचा विश्वास नव्हता. त्याला भीती वाटली, आणि भीती वाटली की तो चिडत असे. त्या आठवड्यात तो सगळ्यांवर चिडला. चहाचा ग्लास हातातून निसटून फुटला तर चहावाल्याला म्हणाला, “तेलकट हातांनी ग्लास धुता तुम्ही.” शर्टाची गुंडी लागेना तेव्हा इस्त्रीवाल्यानं काजं आवळली असणार, असा निष्कर्ष काढला.

मग त्याला गाठी दिसल्या.

सकाळी शिडं बाहेर काढताना त्यानं पाहिलं, खालच्या गाठीचं शेपूट, म्हणजे दोरीचं उरलेलं टोक, उजवीकडे होतं. तो जन्मभर ते डावीकडे सोडत आला होता. त्यानं दुसरं शीड उचललं. तिथेही उजवीकडे. म्हणजे रात्रीतून किंवा पहाटे कुणीतरी कुलूप उघडून त्याच्या गाठी सोडत होतं. कशाला? उघड होतं. एखादं शीड पाण्यात निसटावं, आईबापांनी आरडाओरडा करावा, आणि म्हाताऱ्याकडून आता होत नाही असं म्हणायला जावई मोकळा. त्यासाठी कुणाचंतरी पोर त्या कोपऱ्यापर्यंत वाहून जाऊ द्यायलाही हा माणूस तयार होता. लेक डावखुरी आहे हे काही तो विसरला नव्हता. पण संशयाला आपल्या आवडीचा माणूस लागतो, आणि त्याचा माणूस केव्हाच ठरलेला होता.

त्यानं कुणाला काही विचारलं नाही. रंगेहाथ पकडायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला तो शेडमध्ये शिरला, आतून कडी न लावता दार लोटून घेतलं आणि लाइफ जॅकेटांच्या रांगेमागे जाऊन उभा राहिला. ओल्या जॅकेटांचा कुबट वास येत होता. गुडघे कुरकुरायला लागले. जावयाला काय काय सुनवायचं याची तो मनात उजळणी करत होता, आणि ती बरीच रंगली होती.

दार उघडलं. आत लेक आली. उघड्या कुलपाकडे एकदा बघून तिनं ते खुंटीला अडकवलं.

तिनं दिवा लावला नाही. खिडकीच्या उजेडात ती खाली बसली, वरचं शीड मांडीवर घेतलं आणि गाठीला एका बोटानं हलका झटका दिला. गाठ टिकली. तिनं ते बाजूला ठेवलं. दुसऱ्याला झटका दिला आणि दोरी सरसर सुटून आली. तिनं ती पुन्हा ताणली, गाठ मारली, ओढून पाहिली. मग पुढचं. तपासनीसाला बाहेर येऊन तिचं मनगट धरायचं होतं. पण त्यानं जे पाहिलं ते त्याला पटत नव्हतं. न पटलेलं तो कधी तसंच सोडत नसे. तो जॅकेटांमागून बाहेर आला, तिच्याकडे न बघता ढिगातलं शेवटचं शीड ओढलं, काल संध्याकाळी स्वतः बांधलेलं, आणि गाठीला एका बोटानं झटका दिला.

ती सुटली.

त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि शेजारचं बोट त्यानं एकमेकांवर दाबलं. कुणा दुसऱ्याचं काहीतरी दाबल्यासारखं लागलं. थंड पाण्यानं बोटं बधिर होतात, असं तो स्वतःला सांगत आला होता, आणि या एका माणसाचं म्हणणं त्यानं कधी तपासून पाहिलं नव्हतं.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“थंडी पडली तेव्हापासून,” लेक म्हणाली. ती दचकली होती, पण खोटं बोलली नाही. “एका मुलाचं शीड पाण्यात निघालं. काठाजवळच होता, उभा राहिला तो. यांनी धावत जाऊन त्याला उचललं. तेव्हापासून मी रोज बघते.”

“आणि सुतार?”

“खिडकीपाशी टेबल करून घेतेय. जॅकेटं द्यायला तुम्ही तिथे बसावं म्हणून. कल्पना माझी. हे तर नको म्हणत होते.”

“म्हणजे मला शिडांवरून काढायचंच होतं.”

“हो.”

आयुष्यात त्यानं हजार संशय घेतले असतील. नेमका हा खरा निघाला होता, आणि हा खोटा निघायला हवा होता. दुखलं ते राग म्हणून बाहेर पडलं.

“तुला तोंड होतं ना? मला सांगायचं. इतके दिवस माझ्या पाठीमागे चोरासारखं येऊन...”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, बाबा? तेवढं सांगा.”

उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं: जावयानं पढवून पाठवलंय तुला. ते तिथेच राहिलं. लेकीनं त्याच्याकडे बघून मान हलवली, आणि पुढचं शीड मांडीवर घेतलं. आपल्या पोरीला आपल्याशी खरं बोलायची चोरी झाली होती, आणि ती आपण केली होती. याचं त्याला बोटांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

ऊन वर आल्यावर माणसं आली. एक लहान मुलगी कधीची फळीशी चुळबुळत उभी होती, तिचे आईबाप काठावर मोबाइल सरसावून. तिच्या फळीवर बसवायचं शीड तपासनीसानं स्वतः घेतलं. वाळूत गुडघे टेकले, बांधलेली गाठ सोडून दोरी पुन्हा ताणली, पार दातओठ खाऊन खालची गाठ मारली. इतक्या निगुतीनं त्यानं वर्षानुवर्षांत गाठ मारली नव्हती. जावई शीड फळीवर बसवून ती पाण्यात ढकलायला पुढे झाला.

“थांबा,” तपासनीस म्हणाला. सगळ्यांना वाटलं, आता चौकशी सुरू. मुलीचा बाप तर ओशाळून खिसे चाचपायला लागला.

त्यानं लेकीला हाक मारली. “इकडे ये. ही गाठ मी मारलीय. जरा बघून घे.”

ती आली. जावई एकदा तिच्याकडे, एकदा सासऱ्याकडे बघत राहिला. लेकीनं वाकून एका बोटानं झटका दिला, आणि दोरी तिच्या हातात आली. तिनं मान वर केली. सगळे बघत होते.

“सुटली, बाबा,” ती म्हणाली.

“मग बांध,” तो म्हणाला, आणि तिचं बांधून होईपर्यंत वाऱ्यानं शीड हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून राहिला.