तिच्या हातची नोट

ओल्या कापडावर इस्त्री फिरली, की मला सांगलीतल्या पुरानंतरचा तो दिवस आठवतो. आई नुकतीच गेली होती. तिच्या डब्यातल्या भिजलेल्या नोटा आप्पा इस्त्रीने वाळवत होते, तेव्हा पाचशेची एक मधोमध फाटली. ती बदलून घ्यायला मीच त्यांना बँकेत नेलं. तिथल्या बाईंनी तुकडे जुळवून पाहिले आणि कोरी नोट पुढे केली. आप्पांनी हात मागे घेतला.

"आवं ताई, ती फाटकीच द्या. आमच्या मंडळींच्या हातची हाय."

"काका, आता परत देता येत नाही."

मी वैतागून म्हणालो, "आप्पा, किंमत तेवढीच हाय की!"

कोरी नोट काउंटरवरच सोडून ते दाराकडे वळले.

माझी बायको जाऊन आता वर्ष झालं. तिच्या पर्समधली दहाची नोट मला मोडवत नाही.