राहायची जागा

देवळीजवळच्या एका गावात मी मास्तर होतो, तेव्हा पोलिओने पाय गेलेली एक बाई भावाच्या पडवीत राही, हातांवर सरकत वावरे. १९८०च्या सुमारास बेघरांना सरकारी प्लॉट वाटायची सभा भरली आणि तिने स्वतःच्या नावाने प्लॉट मागितला.

"तिले आमी ठेवतोच नं," भाऊ म्हणाला. सभा घ्यायला आलेल्या तहसीलच्या साहेबांनी नागपूरचा अपंगांचा आश्रम सुचवला.

तळवे पदराला पुसत ती शांतपणे म्हणाली, "ठेवाले मी सामान हाय काय, साहेब? मले राहाले जागा पायजे. बेघराले पाय असलेच पायजे, असं कायद्यात हाय काय?"

साहेबांनी तिचं नाव लिहून घेतलं.

घर झालं. दाराची कडी तिने खाली, आपल्या हाताशी बसवून घेतली. शाळेत जाताना एकदा तिचा भाऊ दाराबाहेर उभा दिसला. विचारत होता, "बाई, आत येऊ काय?"