पुड्यांचे वाटे

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर घर चाललं ते आईच्या कोलंबी सोलण्यावर. रेवदंड्याजवळच्या एका बंद शेडमध्ये ती उजाडायच्या आत शिरायची, अंधार पडल्यावर बाहेर यायची. दिवसभर हात बर्फात. समुद्राकाठी राहून तिच्या अंगाला ऊन लागलं नाही. त्या हातांनी तिनं मला बीएस्सी केलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, हे मी अजून छाती पुढे काढून सांगते.

पण तोवर आईच्या मांड्या ठणकायला लागल्या होत्या. बसली की भिंत धरल्याशिवाय उठवेना. गावातल्या डॉक्टरांनी कॅल्शियम तपासलं. नॉर्मल आलं.

"बघ, मला काय बी न्हाय," आई म्हणाली.

मला पटेना. अलिबागला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ड जीवनसत्त्व आणि पीटीएच हे संप्रेरक तपासलं. पहिलं तळाला, दुसरं हवं त्याच्या दुप्पट.

"ड कमी पडलं की खाल्लेलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही," त्या म्हणाल्या. "मग गळ्यातल्या बारीक ग्रंथी पीटीएच जास्त सोडतात आणि ते हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढतं. म्हणून रक्ताचा रिपोर्ट ठीक दिसतो."

"म्हंजे रक्त बेस दिसावं म्हणून हाडं पोखरतंय व्हय?"

"अगदी बरोबर, मावशी."

त्यांनी ड जीवनसत्त्वाच्या पुड्या दिल्या: आठवड्याला एक, दुधातून. तीन महिन्यांनी तपासलं, तर आकडे जवळपास तिथंच.

"आये, पुड्या घेतल्यास का?"

"घेतल्या की. चारातली एक."

"आणि बाकीच्या?"

"शेडमधल्या तिघींना दिल्या. त्यांचे पन पाय दुखतात. म्हावरं घावलं की वाटे पाडतो ना आपण? मग औषध एकटीनंच गिळू? शिकलीस म्हणून मानसं इसरलीस?"

मी भडकले होते. पण वाट्याची रीत खरीच. फक्त औषधाचे वाटे केले की ते कुणालाच पुरत नाही, हे तिला कोण सांगणार होतं? मीच सांगायला हवं होतं.

पुढच्या सुट्टीला चौघींना रिक्षात कोंबून अलिबागला नेलं.

"तुझी पोर लय शिकली गं," एक जण आईला म्हणाली, "आता आमाला सुया टोचवतेय!"

तिघींचंही ड कमी निघालं. प्रत्येकीला आपापल्या पुड्या मिळाल्या, तेव्हा कुठे आईनं स्वतःच्या सगळ्या घेतल्या.

सहा महिन्यांनी आईचं ड भरलं, पीटीएच मर्यादेत आलं आणि तिची हाडं झिजायची थांबली.