ड्रॅगन, गुहेचा मालक आणि गद्दाराचा पत्ता

मला वाटलं होतं, करी रोडच्या चाळीतली माणसं माझा नवा खेळ बघून हरखून जातील. माझी शाळा डोंगरातल्या बोर्डिंगची, कॉलेज परदेशातलं. गिरणी संपाबद्दल जे काही माहीत होतं ते तिकडच्या लायब्ररीत वाचलेलं. त्यातूनच हा खेळ सुचला होता. पाच वीर, एक भयंकर दरी, ड्रॅगनने पळवलेला गावाचा अग्नी, आणि एकजूट!

प्रत्यक्षात पहिल्याच रविवारी बाबूकाकांनी पेटीतला ड्रॅगन उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "ह्याला मारायचं? का? ह्याने काय केलंय?"

"अग्नी पळवलाय, काका."

"कुणी बघितलं?"

मी नियमांचं पुस्तक चाळलं. कुणी बघितल्याचं खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं!

असे किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. दाराच्या खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठतात. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात.

* * *

आम्ही बसायचो ती गावाची खोली. कोकणातल्या एका गावाने मिळून घेतलेली. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्या गावचे पुरुष पाळीपाळीने तिथे झोपायचे. आता तिथे कॅरम, सत्यनारायणाची भांडी आणि रविवारी दुपारी आम्ही: माझी आत्या, शेजारच्या सुरेखावैनी, बाबूकाका आणि तात्या.

काका आणि तात्या एकाच गिरणीत, एकाच खात्यात होते, आणि तात्यांचं लग्न होईपर्यंत राहायलाही ह्याच खोलीत. संपात काका शेवटपर्यंत बाहेर राहिले. नोकरी गेली ती गेलीच. तात्या मध्येच आत गेले, म्हणजे संप चालू असताना कामावर परतले. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. पण रविवार चुकवत नाहीत!

"शालू, त्याला सांग, फासा टाक," काका माझ्या आत्याला सांगायचे. तात्या हातभर अंतरावर.

"शालू, त्याला म्हणावं, ऐकू आलं," तात्या.

एकदा मी आत्याला विचारलं, "बोलायचंच नाही तर दोघं येतात कशाला?"

आत्या म्हणाली, "नाही आले तर न बोलणार कसे?"

* * *

माझा पार्टनर निखिल पुण्यात. खेळ छापायला जायचा होता, एकच गोष्ट अडली होती. निखिलला त्यात गद्दाराचा पत्ता हवा होता. ज्याला तो येईल त्याने लपवायचा आणि शेवटी बाकीच्यांचा घात करायचा. "हल्लीच्या सगळ्या गाजलेल्या गेम्समध्ये आहे गं!" एकजुटीच्या खेळात गद्दार? मला पटेना. मग ठरलं की मी ह्या मंडळींबरोबर आधीचे परदेशी खेळ खेळायचे, मग आपला, आणि तुलना करून पत्ता ठेवायचा की काढायचा ते मीच सांगायचं.

पहिला जुना खेळ काढला. त्यात प्रत्येक वीर एकटा. खजिन्यासाठी भुयारात शिरायचं आणि वाटेत भेटेल त्याला बडवायचं. सुरेखावैनींनी आत्याला दोनदा लोळवलं. आत्या तिसऱ्यांदा उठेचना.

"एकमेकांच्या अंगावर जायला एवढ्या लांब भुयारात कशाला जायचं?" ती म्हणाली. "सकाळी नळावर या!"

माझ्या नोंदीत मी लिहिलं, 'स्पर्धा आवडत नाही.' तेवढ्यात शेजारी कॅरम लागला आणि आत्याने राणीवरून वैनींशी असं भांडण काढलं, की मी ती ओळ खोडली.

* * *

दुसऱ्या खेळात एक जण गुहेचा मालक होतो. राक्षस, भुतं, सापळे सगळे त्याचे. बाकीचे त्याच्याविरुद्ध.

"मालकाच्या बाजूने मी बसणार नाही," काका.

"मी पण नाही," तात्या. हे मात्र शालूला मध्ये न घालता, सरळ छताकडे बघून.

शेवटी आत्या मालक झाली. वीर गुहेच्या तोंडाशी पोचले आणि थांबले. मी म्हटलं, "आत जा ना!"

"आधी बोलणी," काका म्हणाले. "आत किती भुतं, जखमी झालो तर काय देणार, मेलो तर घरच्यांचं काय? मालकाने सांगावं."

असा नियमच नव्हता! वीर आत जात नाहीत तोवर भुतं बाहेर येत नाहीत, एवढाच होता. तेव्हा सगळे बसून राहिले. चहा झाला, भजी झाली. आत्याच्या हातात पत्त्यांचा हा गठ्ठा!

"अरे या की आत!" ती ओरडली. "माझी भुतं नुसती बसून आहेत!"

काका शांतपणे म्हणाले, "बसू दे. त्यांनाही कळू दे."

कोण जिंकलं ते मला आजही सांगता येणार नाही.

* * *

तिसरा खेळ माझ्या सर्वांत जवळचा. सगळे एका बाजूला, समोर फक्त पट. एक वीर जरी मेला तरी सगळे हरले. सुंदर! माझ्या मनात हेच होतं!

पाचव्या चालीला वैनींचा सरदार दरीत पडला. मी हळहळत म्हटलं, "संपला खेळ."

"संपला कसा?" वैनींना कळेना. "जागा रिकामी झाली ना? बदलीवाला भर."

गिरणीत कुणी कामावर आला नाही की त्याच्या जागी उभा राहायचा तो बदलीवाला. वैनींचे सासरे जन्मभर तेच होते. वैनींनी गॅलरीतून जाणाऱ्या इस्त्रीवाल्याला हाक मारली. तो सरदार म्हणून दोन चाली खेळला आणि कपडे द्यायला गेला. मग त्याच्या जागी भंगारवाला बसला. सरदार दरीत पडतच राहिला आणि खेळ काही संपेना!

मी म्हटलं, "असं केलं तर आपण हरणारच नाही."

"मग हरायचं होतं का तुला?" वैनींनी काळजीने विचारलं.

* * *

निखिलला मी स्पीकरवर घेतलं. म्हटलं, तूच समजाव. तो उत्साहात सुरू झाला. "काका, गद्दार नसला की गेम फ्लॅट होतो. लोकांना एकमेकांवर संशय घ्यायला आवडतं!"

"पोरा," काका म्हणाले, "संशय घ्यायला पेटी कशाला विकत घ्यायची? फुकट मिळतो."

वैनी हसल्या. तात्या उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ माठापाशीच उभे राहिले.

त्या क्षणी मी पत्ता काढून टाकणार होते. पण न खेळताच काढला तर तुलना कसली? आत्याला विचारलं, "घालू का गं?"

"घाल," ती म्हणाली. "पण कुणाला येईल ते तुझ्या हातात नाही, एवढं ध्यानात ठेव."

* * *

शेवटच्या रविवारी माझा खेळ मांडला. मी पत्ते पिसले, वाटले. सगळ्यांनी आपापला पत्ता बघितला. तात्यांनी बघितला आणि तो पटावर उलटा न ठेवता सुलटा ठेवला. गद्दार!

"तात्या, लपवायचा असतो!" मी जवळजवळ किंचाळले.

"आलाय तो आलाय," तात्या म्हणाले. "लपवून काय करू?"

खेळ मोडला असं मला वाटलं. मी पत्ते गोळा करायला हात पुढे केला, तर काकांनी तो अडवला. "राहू दे. शालू, त्याला सांग, चाल त्याची आहे."

आणि ते खेळले! गद्दार कोण ते सगळ्यांना माहीत, तरी तात्यांनी वैनींना पुलावरून ओढून काढलं, आत्याला आपली ढाल दिली. मी बावचळून बघत होते. ह्या सगळ्याचा हिशेब माझ्या कुठल्याच नियमात बसत नव्हता.

शेवटी काकांचा वीर अग्नी घेऊन गुहेच्या आत, आणि तात्यांचा गुहेच्या दारात. नियम साधा आहे. गद्दाराने दारावर शिळा लोटली की आतले सगळे संपले. शिळा लोटायची की फासा टाकून पुढे खेळायचं, ते तोच ठरवणार.

तात्या शिळेवर बोट ठेवून बसले. मग मान वर करून, शालूकडे नाही, थेट काकांकडे बघत म्हणाले, "बाबू, काय करू?"



"आता विचारतोस?" काका म्हणाले. "तेव्हा विचारलं होतंस?"

तात्यांची गावची मालवणी एरवी कधी ऐकू यायची नाही. त्या दिवशी आली.

"विचारूक इल्लंय मी. ह्याच खोलयेक. कुलूप होता. तू गावाक गेलेलंस."

काकांनी पटाकडे बघितलं. दाराकडे बघितलं. पुन्हा पटाकडे. मग फासा उचलून तात्यांच्या हातात ठेवला.

"टाक," ते म्हणाले.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निखिलला फोन केला. म्हटलं, पत्ता राहू दे. पण नियम बदल. ज्याला येईल त्याने तो पहिल्यापासून उघडा ठेवून खेळायचं.

"अगं, मग त्यात खेळ काय राहिला?" निखिल ओरडला.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तसंच छाप."