काकूंचा ब्लॉग

लखनौच्या तेलीबागेत आमच्या समोर राहणाऱ्या काकू फोनवर रस्ता सांगतानाही हातवारे करतात, जणू पलीकडच्याला ते वळण दिसणार आहे. काका हवाई दलातून इथेच निवृत्त झाले. बदली होऊन लखनौला येणाऱ्या मराठी बायकांसाठी काकूंनी ब्लॉग सुरू केला, तोही बोलतात तसाच. 'चौक बाजारात गल्ल्या अरुंद आहेत, साडी नको, पंजाबी ड्रेस घाला.' खाली बायका भराभर प्रश्न विचारायच्या आणि काकू कणकेचे हात पुसून उत्तरं द्यायच्या.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की लिखाणाला जरा वजन हवं. काकूंनी ते मनावर घेतलं आणि जुने लेख काढूनच टाकले. आता तिथे गोमतीकाठी संध्याकाळ केशरी शाल पांघरते. खाली कुणी काही विचारत नाही, नुसते जोडलेले हात उमटतात. तरी काकू येता-जाता ब्लॉग उघडून बघतात.

परवा मी त्यांच्याकडे बसले असताना आमच्या लॅबमधल्या नव्या मुलीचा फोन आला. साताऱ्याची पोर, भाकरीवाचून कासावीस झालेली. ज्वारीचं पीठ कुठे मिळेल, विचारत होती. मी फोन काकूंना दिला.

"अच्छा, ऐक," काकूंचा हात लगेच हवेत डावीकडे वळला. "मंदिराशेजारी चक्की आहे, ज्वारीही तिथेच मिळते. सकाळी पहिला नंबर लाव, भैयाने गहू टाकायच्या आत. नाहीतर पीठ मिसळतं. आणि पीठ गरम असताना डबा झाकू नकोस."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काकू, हेच लिहा ना ब्लॉगवर."



"अगं, यात लिहिण्यासारखं काय आहे?"